अर्जातले दहा रकाने

अमेरिकेत हायस्कूलचं शेवटचं वर्ष, म्हणजे आपल्या हिशेबाने बारावी, पार करणाऱ्या मुलामुलींची संख्या दरवर्षी अडतीस-एकोणचाळीस लाखांच्या घरात असते. 'सीनियर' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या मुलांच्या नावावर गुणांखेरीज आणखीही बरंच काही जमा झालेलं असतं: फुटबॉलचा संघ, मार्चिंग बँड, वादसभा, शाळेचं वर्तमानपत्र, विद्यार्थी परिषदेचं अध्यक्षपद, रोबोटिक्सची स्पर्धा, वृद्धाश्रमात घालवलेले शनिवार. मे-जूनमध्ये पदवीदान होतं तेव्हा हे सगळं इयरबुकात छापून येतं आणि गावच्या साप्ताहिकात झळकतं. पण त्याच्या पाच-सहा महिने आधीच ते एका वेगळ्या कामासाठी वापरलं गेलेलं असतं, ते म्हणजे कॉलेजचा प्रवेशअर्ज भरण्यासाठी. पहिला उपयोग हा अमेरिकी शाळेने शंभर वर्षांत कमावलेल्या चांगल्या गोष्टींपैकी एक आहे. दुसरा उपयोग त्याच गोष्टीला हळूहळू पोखरतो आहे. उपलब्ध पुरावा पाहता हे उपक्रम शाळेत असावेत, वाढावेत आणि सार्वजनिक पैशाने चालावेत. प्रवेश कुणाला द्यायचा हे ठरवताना मात्र त्यांना फार थोडं वजन असावं, असं माझं मत झालं आहे. मराठी वाचकाला हे उफराटं वाटेल. मार्कांच्या मागे धावणाऱ्या आपल्या व्यवस्थेला कंटाळून 'तिकडे बघा, मुलाचा सर्वांगीण विचार करतात' असं म्हणण्याची आपल्याला सवय आहे. त्या सर्वांगीण विचाराचं प्रत्यक्षात काय होतं, हे म्हणूनच जरा खोलात जाऊन पाहायला हवं.

ही व्यवस्था कुणी एका बैठकीत आखलेली नाही. १९१० साली अमेरिकेत अठरा वर्षांच्या वयोगटातली जेमतेम नऊ टक्के मुलं हायस्कूल पूर्ण करत. १९४० पर्यंत हे प्रमाण निम्म्यावर गेलं. या तीस वर्षांत शेतकऱ्यांची, गिरणी कामगारांची, नुकत्याच बोटीतून उतरलेल्या इटालियन आणि पोलिश कुटुंबांची मुलं एकाच इमारतीत येऊन बसू लागली. लॅटिन आणि भूमितीच्या जोरावर त्यांना एकत्र बांधणं शक्य नव्हतं. १९१८ च्या 'कार्डिनल प्रिन्सिपल्स' या अहवालाने माध्यमिक शिक्षणाची सात उद्दिष्टं सांगितली. त्यांत व्यवसाय आणि मूलभूत कौशल्यांच्या जोडीला आरोग्य, नागरिकत्व आणि फावल्या वेळेचा चांगला वापर यांनाही जागा मिळाली. टेक्सस विद्यापीठाने तर १९१० सालीच शाळांच्या वादसभांची एक संघटना सुरू केली होती. पुढे तिचंच 'युनिव्हर्सिटी इंटरस्कोलॅस्टिक लीग' झालं आणि आजही त्या राज्यातल्या शाळांचे खेळ, संगीत आणि विषयवार स्पर्धा तीच चालवते. रॉबर्ट आणि हेलन लिंड या दांपत्याने इंडियानातल्या मन्सी या गावाचा अभ्यास १९२९ मध्ये 'मिडलटाउन' या नावाने प्रसिद्ध केला, तेव्हा हायस्कूल हे तरुणांच्या आयुष्याचं केंद्र झालेलं होतं आणि शाळेचा बास्केटबॉल संघ हा साऱ्या गावाचा अभिमान होता. जर्मनीत मूल खेळायला गावातल्या क्लबात जातं; अमेरिकेत ते शाळेतच थांबतं. हा फरक वरवर लहान दिसतो, पण पुढचं सगळं त्यातून निघालं. शाळेत थांबणाऱ्या मुलाला फी भरावी लागत नाही, बापाची ओळख लागत नाही, आणि शिकवणारे शिक्षकच प्रशिक्षक असतात. निदान मूळ कल्पना तरी अशी होती.

या चित्रात गुलाबी रंग भरण्याचं कारण नाही. जेम्स कोलमन यांनी इलिनॉयमधल्या दहा हायस्कुलांची पाहणी करून १९६१ मध्ये 'द अ‍ॅडोलेसंट सोसायटी' लिहिलं, त्यात मुलग्यांना हुशार विद्यार्थी म्हणून नव्हे तर खेळाडू म्हणून लक्षात राहायचं होतं, हे आकड्यांनिशी दाखवलं. दक्षिणेतल्या राज्यांत काळ्या मुलांच्या शाळाच वेगळ्या होत्या, त्यामुळे मैदानंही वेगळी आणि निकृष्ट. मुलींना तर बहुतेक ठिकाणी बाकावरून टाळ्या वाजवण्याचं काम होतं. १९७१-७२ साली सगळ्या देशात हायस्कूलच्या खेळांत उतरणाऱ्या मुली तीन लाखांच्या आतच होत्या. १९७२ मध्ये 'टायटल नाइन' हा कायदा आला आणि सरकारी पैसा घेणाऱ्या शाळांना मुलींनाही समान संधी देणं भाग पडलं. आज हा आकडा चौतीस लाखांच्या आसपास आहे. मुलगे धरून तो ऐंशी लाखांच्या पुढे जातो.

हा कायदा संशोधकांच्या हाती एक दुर्मिळ संधी देऊन गेला. उपक्रमांचा फायदा होतो हे सांगणारे अभ्यास ढिगाने आहेत. पण मुळातच उत्साही, घरचं पाठबळ असलेली मुलं उपक्रमांत जातात आणि तीच पुढेही यशस्वी होतात, हा आक्षेप त्यांतल्या बहुतेकांना लागू पडतो. अर्थशास्त्रज्ञ बेट्सी स्टीव्हन्सन यांनी त्यावर वाट काढली. टायटल नाइनमुळे कोणत्या राज्यात मुलींचे संघ किती वाढवावे लागणार, हे तिथे आधी मुलांचे संघ किती होते यावर अवलंबून होतं; मुलींच्या उत्साहाचा त्याच्याशी संबंध नव्हता. या फरकाचा आधार घेऊन २०१० मध्ये त्यांनी दाखवलं की एखाद्या राज्यात मुलींचा खेळातला सहभाग दहा टक्केबिंदूंनी वाढला, तर कॉलेजात जाणाऱ्या मुलींचं प्रमाण साधारण एका टक्केबिंदूने आणि पुढे नोकरी करणाऱ्यांचं एक ते दोन टक्केबिंदूंनी वाढतं. परिणाम डोळे दिपवणारा नाही, पण खरा आहे, आणि तो कुणा निवडक मुलींना नव्हे, सरसकट मिळालेला आहे. जोसेफ महोनी आणि रॉबर्ट केर्न्स यांच्या १९९७ च्या अभ्यासात शाळा सोडण्याचं प्रमाण उपक्रमांत असलेल्या मुलांत कमी आढळलं, आणि सर्वांत मोठा फरक ज्यांची शाळा सुटण्याचा धोका अधिक होता अशाच मुलांत दिसला. मिशिगनमधल्या मुलांवर जॅकलिन एकल्स आणि बॉनी बार्बर यांनी केलेलं काम जास्त सावध आहे: सांघिक खेळातली मुलं अभ्यासात पुढे होती आणि दारू पिण्यातही. या सगळ्यांपेक्षा मला महत्त्वाचा वाटतो तो रॉजर बार्कर आणि पॉल गम्प यांचा कॅन्सस राज्यातला जुना अभ्यास, 'बिग स्कूल, स्मॉल स्कूल', १९६४. मोठ्या शाळेत उपक्रमांची यादी लांबलचक असते, पण बरीचशी मुलं प्रेक्षकच राहतात. छोट्या शाळेत यादी आखूड, तरी माणसं कमी पडतात म्हणून लाजऱ्या, मागे राहणाऱ्या मुलालाही कुणीतरी हाताला धरून नाटकात उभं करतं. त्या मुलाला आपली गरज आहे असं वाटतं. सहभाग हा मुलाच्या अंगचा गुण जितका असतो तितकाच तो शाळेच्या रचनेचा परिणाम असतो, हे या अभ्यासाने सांगितलं. आणि प्रवेश समित्या नेमकं हेच विसरतात. त्या सहभागाकडे मुलाचं चारित्र्य म्हणून बघतात.

चारित्र्य प्रवेशअर्जात शिरलं कसं, ती कथा फारशी शोभादायक नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हार्वर्डसारख्या कॉलेजात प्रवेशपरीक्षा पास होणारा बहुधा आत जाई. १९२२ च्या सुमारास तिथल्या नव्या विद्यार्थ्यांत ज्यू मुलांचं प्रमाण एक पंचमांशाच्या वर गेलं आणि अध्यक्ष लॉरेन्स लोवेल अस्वस्थ झाले. उघड कोटा ठरवण्याचा त्यांचा प्रस्ताव प्राध्यापकांनी हाणून पाडला. मग काही वर्षांतच विद्यार्थ्यांच्या संख्येवर मर्यादा आली आणि निवडीत गुणांच्या बरोबरीने 'कॅरॅक्टर', व्यक्तिमत्त्व, नेतृत्व, मैदानावरची कामगिरी असे निकष आले. जेरोम कॅराबेल यांनी 'द चोझन' या २००५ मधल्या ग्रंथात हार्वर्ड, येल आणि प्रिन्स्टनच्या दप्तरातून हा इतिहास तपशीलवार मांडला आहे. ज्या मुलांना गुणांवर अडवता येत नव्हतं, त्यांना अडवण्यासाठी जाणूनबुजून मोघम ठेवलेले हे निकष होते. निकषाचा जन्म वाईट हेतूतून झाला म्हणून आजही तो वाईटच, असं म्हणणं अन्यायाचं ठरेल. पण मोघमपणा तसाच राहिला आहे आणि तो कुणाच्या सोयीचा आहे, हे विचारायला हवं. १९७५ मध्ये पंधरा खासगी कॉलेजांनी मिळून 'कॉमन अ‍ॅप' हा सामाईक अर्ज सुरू केला. आज हजाराहून अधिक कॉलेजं तो स्वीकारतात. त्यात उपक्रमांसाठी दहा रकाने आहेत आणि प्रत्येकाचं वर्णन दीडशे अक्षरांत बसवायचं असतं. पुरस्कारांसाठी वेगळे पाच. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या स्वतंत्र अर्जात तर उपक्रम, पुरस्कार वगैरे मिळून वीस नोंदींपर्यंत जागा आहे. जागा रिकामी दिसली की भरावीशी वाटते, मग ती भरून देणारे सल्लागार निघतात. पुण्या-मुंबईत 'प्रोफाइल बिल्डिंग' या नावाखाली नववीपासून मुलांना संस्था काढायला, 'पॅशन प्रोजेक्ट' उभा करायला शिकवणारे वर्ग चालतात, ते याच रकान्यांसाठी.

मोघम निकष कुणाच्या पथ्यावर पडतो याचं उत्तर गेल्या काही वर्षांत बऱ्यापैकी नेमकेपणाने मिळालं आहे. ज्युली पार्क आणि सहकाऱ्यांनी कॉमन अ‍ॅपमधले साठ लाखांच्या आसपास अर्ज तपासले. गोरी आणि आशियाई वंशाची मुलं, सधन घरातली मुलं, खासगी शाळांतली मुलं अधिक उपक्रम नोंदवतात, आणि त्याहून ठळक फरक पडतो तो नेतृत्वाची पदं आणि मानसन्मान यांत. राज चेट्टी, डेव्हिड डेमिंग आणि जॉन फ्रीडमन यांच्या २०२३ मधल्या अभ्यासाने पुढचा दुवा जोडला. सॅट या प्रवेशपरीक्षेचे गुण सारखेच असलेल्या दोन मुलांपैकी सर्वांत श्रीमंत एक टक्का घरातलं मूल आयव्ही लीग आणि तिच्या तोडीच्या मोजक्या कॉलेजांत जाण्याची शक्यता मध्यमवर्गीय घरातल्या मुलाच्या दुपटीहून अधिक निघाली. यातला काही भाग अर्ज करणं आणि प्रवेश मिळाल्यावर खरोखर तिथे जाणं यातल्या फरकाचा आहे. पण मोठा भाग प्रवेशाच्या निर्णयातूनच येतो. त्यामागे तीन कारणं सापडली: माजी विद्यार्थ्यांच्या मुलांना झुकतं माप, खेळाडूंची खास भरती, आणि अभ्यासेतर बाबींवर दिलेले गुणांक. यातलं तिसरं आपल्या विषयाचं. खासगी शाळेत शिफारसपत्र लिहिणाऱ्या समुपदेशकाकडे थोडी मुलं असतात, म्हणून तो प्रत्येकाविषयी भरभरून लिहू शकतो. सरकारी शाळेतल्या समुपदेशकाच्या वाट्याला शेकड्याने मुलं येतात. सर्वांत बोचरा निष्कर्ष याच्या पुढचा आहे. श्रीमंतांना उपयोगी पडणाऱ्या या तीनही गोष्टींचा कॉलेजनंतरच्या कर्तबगारीशी संबंध आढळला नाही, किंवा आढळला तो उलटा. सॅटच्या गुणांचा मात्र ठळक आढळला.

दरम्यान कोर्टकचेऱ्यांतून आतली कागदपत्रंही बाहेर आली. हार्वर्डविरुद्धच्या खटल्यात, ज्याचा शेवट जून २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वंशाधारित प्राधान्य रद्द करण्यात झाला, पुराव्यातून दिसलं की आशियाई वंशाच्या अर्जदारांना अभ्यास आणि उपक्रम या दोन्हीत सरासरीने गोऱ्या मुलांपेक्षा वरचे गुणांक मिळत होते, आणि 'व्यक्तिगत' या तिसऱ्या गुणांकात मात्र ते मागे पडत. खालच्या न्यायालयाने यात हेतुपुरस्सर भेदभाव सिद्ध होत नाही असं म्हटलं, ते नोंदवायलाच हवं. तरीही न्यू जर्सीतल्या किंवा बे एरियातल्या ज्या मराठी घरांनी मुलीला भरतनाट्यम, व्हायोलिन आणि वादसभा अशा तिन्ही वर्गांना वर्षानुवर्षं गाडीने पोहोचवलं, त्यांना यातून कळायचं ते कळलं: दहा रकाने भरूनही अकरावा, न दिसणारा रकाना शिल्लक राहतो. २०१९ मधलं 'व्हर्सिटी ब्लूज' प्रकरण म्हणजे याच तर्काचं टोक. विल्यम सिंगर हा सल्लागार प्रशिक्षकांना लाच देऊन, कधीही न खेळलेल्या मुलांना खेळाडू म्हणून दाखवून प्रवेश मिळवून देत होता. गुन्हा म्हणून ते अपवादात्मकच. पण खेळाची नोंद हा प्रवेशाचा सर्वांत कमी तपासला जाणारा दरवाजा आहे, हे त्याने अचूक ओळखलं होतं.

आता दुसऱ्या बाजूचा सर्वांत भक्कम मुद्दा घेऊ, कारण तो सहसा कुणी घेत नाही. १९८० च्या दशकात वॉरन विलिंगहॅम यांनी नऊ कॉलेजांतल्या काही हजार विद्यार्थ्यांचा अर्जापासून पदवीपर्यंत मागोवा घेतला. अर्जातल्या शंभरेक तपशिलांपैकी गुण आणि परीक्षा सोडून कशाचा उपयोग झाला? त्यांच्या शब्दात 'फॉलो-थ्रू'चा: एकदोन गोष्टी हाती घेऊन त्या वर्षानुवर्षं टिकवणं आणि त्यांत पुढे जाणं. अशी मुलं कॉलेजात नेतृत्वाला आणि उल्लेखनीय कामाला पुढे आली. अँजेला डकवर्थ यांनी चिकाटीवरच्या आपल्या लेखनात हाच अभ्यास आधाराला घेतला आहे. म्हणजे उपक्रमांच्या नोंदीत खरी माहिती असते, असं दिसतं. मी ते नाकारत नाही. मात्र विलिंगहॅम मोजत होते ती मुलं अशा काळातली होती, जेव्हा टिकवून ठेवण्याला कुणी गुण देत नव्हतं. चार वर्षं बँडमध्ये राहणारा मुलगा बँडसाठीच राहत होता. मोजमाप जाहीर झालं, त्यावर बक्षीस लागलं, की त्याच्यातली माहिती झिरपून जाते. आज प्रत्येक सल्लागार पहिल्या भेटीत 'दोनच गोष्टी घे आणि चार वर्षं सोडू नकोस' हेच सांगतो. शिवाय टिकवून ठेवायला घर टिकावं लागतं. भाडं थकल्यामुळे वर्षात दोन शाळा बदललेल्या, संध्याकाळी धाकट्या भावंडांना सांभाळणाऱ्या मुलीकडे चिकाटी कमी असते असं कोण म्हणेल? कॉमन अ‍ॅपमध्ये घरची जबाबदारी आणि नोकरी हेही उपक्रम म्हणून लिहिता येतात, हे खरं आहे. पण ते लिहिता येतं हे सांगायला कुणीतरी लागतं, आणि दीडशे अक्षरांत भावंडं सांभाळणं 'संस्थापक-अध्यक्ष' या पदासमोर कसं दिसतं, याची कल्पना करून पाहावी.

दुसरा आक्षेप व्यवहाराचा आहे. प्रवेशाचं आमिष काढून घेतलं तर मुलं उपक्रम सोडून देतील, मैदानं ओस पडतील. याला उत्तर द्यायला तर्काची गरज नाही, टेक्सस पुरे आहे. १९९७ मध्ये तिथल्या विधिमंडळाने कायदा केला की आपल्या शाळेत गुणानुक्रमे पहिल्या दहा टक्क्यांत आलेल्या प्रत्येकाला राज्याच्या सरकारी विद्यापीठात प्रवेश मिळेल. निबंध, उपक्रम, शिफारस काहीच बघायचं नाही. गर्दीमुळे ऑस्टिनच्या मुख्य विद्यापीठापुरती ही मर्यादा नंतर सहा आणि आता पाच टक्क्यांवर आली, आणि कोणता अभ्यासक्रम मिळेल हे वेगळं ठरतं. तरी तत्त्व कायम आहे. या कायद्याला जवळपास तीस वर्षं होत आली. हायस्कूलच्या खेळांतल्या सहभागात टेक्सस देशात पहिल्या क्रमांकावर आहे, लोकसंख्येने मोठ्या कॅलिफोर्नियाच्याही पुढे, आणि शुक्रवारी रात्री छोट्या गावांतली अख्खी वस्ती फुटबॉलला लोटते. टेक्ससचं फुटबॉल-वेड जुनं आहे आणि एका राज्यावरून सगळं सिद्ध होत नाही, हे कबूल. पण उपक्रम प्रवेशाच्या आमिषावर जगतात, हा दावा तरी इथे टिकत नाही. मुळात ते आमिष बहुतेक मुलांपुढे नसतंच. अमेरिकेतली अर्ध्याहून अधिक चार वर्षांची कॉलेजं अर्जदारांपैकी दोन तृतीयांश किंवा अधिक मुलांना घेतात. दहा रकान्यांची धडपड पन्नास-शंभर कॉलेजांसाठी चालते. बाकीची लाखो मुलं ढोल वाजवतात, चेंडू फेकतात, इयरबुकची पानं लावतात ती मजा वाटते, मित्र तिथे असतात म्हणून. सक्तीची गोष्ट निराळी. मेरीलँड राज्याने १९९७ च्या तुकडीपासून पदवीसाठी पंच्याहत्तर तासांची समाजसेवा सक्तीची केली. सॅरा हेल्म्स यांच्या अभ्यासात आढळलं की आठवीतल्या मुलांची सेवा वाढली आणि बारावीतल्यांची उलट कमी झाली. तास लवकर उरकून टाकायचे, मग मोकळे. वसुली करणाऱ्याला आणि भरणाऱ्याला दोघांनाही सोयीचं.

तिसरा आक्षेप आपल्या घरचा आहे, आणि तोच मला सर्वांत गंभीर वाटतो. उपक्रम काढले तर उरतात गुण. आणि नुसत्या गुणांनी काय होतं ते महाराष्ट्राला अमेरिकेने शिकवायला नको. लातूर पॅटर्नपासून कोट्याच्या वसतिगृहांपर्यंत आणि हजेरी कागदोपत्री लावून मुलांना दिवसभर क्लासमध्ये बसवणाऱ्या 'इंटिग्रेटेड' कनिष्ठ महाविद्यालयांपर्यंत सगळं आपण पाहिलं आहे. दहावी लागली की खेळ बंद, बारावी लागली की घरचा टीव्ही बंद. गुणही काही आभाळातून पडत नाहीत: चेट्टी आणि सहकाऱ्यांच्याच आकड्यांत सर्वांत श्रीमंत एक टक्क्यातल्या मुलांनी सॅटला तेराशेच्या वर जाण्याची शक्यता गरीब घरातल्या मुलांच्या तेरापट आहे. शिवाय गुणांतला पहिला नंबर फार काही भाकीत करतो असंही नाही. कॅरन आर्नल्ड यांनी इलिनॉयमधल्या १९८१ च्या तुकडीतली, शाळेत पहिली-दुसरी आलेली ८१ मुलं चौदा वर्षं नजरेखाली ठेवली. ती नीट शिकली, स्थिरावली, पण चाकोरी मोडणारं त्यांत क्वचितच कुणी निघालं. हे सगळं मान्य करूनही माझं म्हणणं बदलत नाही, कारण इथे निवड 'गुण की सर्वांगीण' अशी नाहीच. आपल्याकडे शाळेतला सगळा वेळ प्रवेशपरीक्षेने गिळला आणि उपक्रम हद्दपार केले. अमेरिकेतल्या वरच्या थरात प्रवेशाने उपक्रमांनाच गिळलं आणि ते त्याचे हस्तक झाले. रोग एकच आहे: थोड्या जागांसाठीची चढाओढ सगळं बालपण आपल्या कामाला लावते. म्हणूनच टेक्सससारखा नियम मला अधिक शहाणा वाटतो. तो गुण बघतो, पण मुलाच्या स्वतःच्या शाळेत, स्वतःच्या परिस्थितीत मिळवलेले. या नियमामुळे आधी कधी विद्यार्थी न पाठवलेल्या शाळांतून मुलं ऑस्टिनला पोहोचली. सँड्रा ब्लॅक, जेफ्री डेनिंग आणि जेसी रॉथस्टीन यांनी तपासलं तेव्हा आत आलेल्यांचा लक्षणीय फायदा झालेला आढळला, आणि ज्यांची जागा गेली त्यांचं नुकसान आढळलं नाही, कारण त्यांना दुसरी चांगली कॉलेजं होतीच. पळवाटा इथेही निघाल्या. काही कुटुंबांनी मुलं मुद्दाम कमी चुरशीच्या शाळेत घातली. पण त्या पळवाटेने सधन मूल सामान्य शाळेत जाऊन बसतं, आणि इतर पळवाटांच्या तुलनेत ही मला परवडण्यासारखी वाटते.

हा विषय आता आपल्यासाठी परका राहिलेला नाही. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने अभ्यासक्रम आणि अभ्यासेतर उपक्रम यांच्यातली भिंत काढायला सांगितलं आहे आणि मुलाची बहुआयामी प्रगतिपुस्तिका सुचवली आहे. खेळ, चित्रकला आणि लोककला यांच्यासाठी दहावीला वाढीव गुण देण्याची पद्धत तर महाराष्ट्रात आधीपासूनच आहे, आणि प्रमाणपत्रापुरती चित्रकलेची परीक्षा देणारी मुलं कुठल्याही गावात भेटतील. प्रगतिपुस्तिका शिक्षक आणि पालक यांच्यामध्ये राहिली तर तिचा उपयोग होईल. ती कट-ऑफमध्ये शिरली, तर पेठेपेठेत तिचेही क्लास निघायला एक उन्हाळ्याची सुट्टी पुरेल.

अमेरिकेत दुरुस्तीच्या हालचाली आहेत, पण भित्र्या. एमआयटीच्या स्वतःच्या अर्जात चारच उपक्रम विचारतात. लाफायेट कॉलेजने २०२३ मध्ये दहाऐवजी सहाच नोंदी विचारात घेण्याचं ठरवलं. पार्क आणि सहकाऱ्यांचाही कल रकाने कमी करण्याकडेच आहे. यात वाईट काही नाही. मात्र जिथे नोंद कमी मोजली जाते तिथे संधी आपोआप वाढत नाही. खरा प्रश्न पैशाचा आहे. गेल्या चाळीसेक वर्षांत शाळांची अंदाजपत्रकं आक्रसली तशी खेळ आणि बँड यांच्यासाठी मुलांकडूनच शुल्क घेण्याची पद्धत अनेक जिल्ह्यांत रुजली. रॉबर्ट पटनम आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की सत्तरच्या दशकापासून सधन मुलांचा सहभाग वाढत गेला आणि कामगारवर्गातल्या मुलांचा घसरला. याच शुल्काविरुद्ध सँटा बार्बरातून एक खटला उभा राहिला. तिथल्या शाळा जिल्ह्याने प्रत्येक उपक्रमामागे पंचवीस डॉलर आकारायला सुरुवात केली होती आणि गरिबांना सूट ठेवली होती. १९८४ मध्ये कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने ते शुल्क बेकायदा ठरवलं: उपक्रम हा शिक्षणाचाच भाग आहे, राज्यघटनेने शिक्षण मोफत म्हटलं आहे, आणि गरिबांना माफी दिल्याने आकारणी वैध होत नाही. या निकालानंतरही शाळा निरनिराळ्या नावांनी पैसे घेतच राहिल्या. २०१० मध्ये नागरी हक्कांसाठी लढणाऱ्या एसीएलयू या संघटनेला पुन्हा कोर्टात जावं लागलं, आणि पालकांना अशा शुल्काविरुद्ध दाद मागण्याची सोय करणारा कायदा झाला तो २०१२ मध्ये, मूळ निकालानंतर अठ्ठावीस वर्षांनी.